करडईचा काटा आणि बाजाराचा काटा



अलीकडे तालुक्याच्या बैठकांत एक नवेच पीक चर्चेला येऊ लागले आहे. त्याचे नाव आर्टिचोक. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ फिरतात. एकेक कळी केवढ्याला विकली जाते याचे आकडे तोंडी फिरतात. बैठक संपली की दोन-चार तरुण पोरे मागे थांबतात आणि विचारतात, "साहेब, तुम्ही शेतीचे शिकलेले. हे आपल्याकडे येईल का?" प्रश्न साधा आहे आणि ज्याने विचारला त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्वारीत आणि कापसात पुरे पडले असते तर कोणी कशाला परदेशातली कळी शोधत बसला असता?

तेव्हा आधी पीक काय आहे ते समजून घेऊ. आर्टिचोक ही भूमध्य समुद्राच्या काठची काटेरी वनस्पती. आपल्या माळावर उंटकटारा उगवतो, त्याच्याच कुळातली. एकदा लावली की गड्ड्यातून पुन्हा फुटते आणि तीन-चार वर्षे राहते. तिची फुलायच्या आधीची मोठी कळी उकडून खातात. कळीच्या खवल्यांच्या बुडाला थोडा गर असतो आणि आत मधोमध मऊ गाभा असतो, तेवढेच खायचे, बाकीचे टाकायचे. इटली, स्पेन, इजिप्त हे तिचे मोठे देश. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात कॅस्ट्रोव्हिल नावाचे गाव आहे. समुद्रावरून धुके येणाऱ्या त्या थंड पट्ट्यात हे पीक वर्षानुवर्षे घेतले जाते. जेरुसलेम आर्टिचोक म्हणून आणखी एक चीज विकायला येते. ती सूर्यफुलाच्या जातीची, कंद देणारी, पूर्ण वेगळी. नाव सारखे आहे म्हणून कोणी त्याचे कंद गळ्यात मारत असेल तर तेवढे ध्यानात ठेवा.

आता या पिकाचा स्वभाव असा, की त्याला थंडी हवीही आणि नकोही. रोपाने काही दिवस दहा अंशांखालची थंडी अंगावर घेतली नाही तर त्याला कळी धरण्याची बुद्धी होत नाही, नुसता पाला वाढतो. उलट जमीन गोठली की गड्डा कुजून मरतो. म्हणून ज्या देशांत हिवाळा कडक असतो तिथले शेतकरी काय काय खटाटोप करतात बघा. कोणी हिवाळ्याच्या तोंडाला झाड कापून गड्ड्यावर पेंढ्याचा जाड थर घालतो. कोणी गड्डे उपटून तळघरात, गोठणार नाहीत पण गार राहतील असे ठेवतो. बहुतेक जण बहुवार्षिक पिकाचा नाद सोडून देतात. भर हिवाळ्यात घरात रोपे करतात, वसंताच्या सुरुवातीला आठ-दहा दिवस ती बाहेरच्या गारठ्यात ठेवतात, म्हणजे झाडाला वाटते हिवाळा होऊन गेला, आणि त्याच वर्षी कळी काढून मोकळे होतात. त्यासाठी कमी थंडीवर भागणारे वाणही निघाले आहेत. हिमाचल-काश्मीरच्या डोंगरातल्या शेतकऱ्याने या वाटेने जावे, त्याला जमेल.

आपली अडचण बरोबर उलटी आहे. सोलापुरात जानेवारीतले रात्रीचे तापमान सरासरी पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असते. थंडीची लाट आली तर चार रात्री पारा दहा-बारावर उतरतो, त्यावर कळी धरायची कशी? तोवर फेब्रुवारी लागतो, दुपारचे ऊन पस्तिशीकडे जाते आणि उन्हात आर्टिचोकची कळी खरखरीत होऊन उमलते. उमललेल्या कळीला गिऱ्हाईक नाही. थंडीच्या ऐवजी जिबरेलिक आम्लाची फवारणी करून अमेरिकेच्या वाळवंटी भागात कळी आणतात, ही गोष्ट खरी. आपले द्राक्षवाले 'जीए' चांगले ओळखतात. पण त्या वाळवंटात कालव्याचे पाणी आहे, बर्फगार गोदाम आहे आणि दाराशी गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे हे खाणारे मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत. करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने त्यांच्या भरवशावर एकर गुंतवणे मला पटत नाही. ज्याच्याकडे बागायत आहे, वर बुडवायला पैसा आहे, त्याने हौसेने दहा रोपे लावून बघावीत.

यावरून आम्ही नव्या पिकाच्या विरोधात आहोत असे कोणी समजू नये. सांगोल्याच्या माळावर डाळिंब कोणी सांगितले होते? जिथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हते तिथे लोकांनी खड्डे घेतले, टँकरने पाणी घातले आणि बागा उभ्या केल्या. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आले. तेल्याने त्या बागांचे फार नुकसान केले, तरी डाळिंबाने घरे बांधली हे नाकारता येणार नाही. पण डाळिंब अवर्षणाला सोसणारे झाड होते आणि त्याला खाणारा गावोगाव होता. सफेद मुसळी, जट्रोफा, इमू यांच्या वेळी काय झाले तेही आपल्या लोकांनी पाहिले आहे. या प्रत्येक लाटेत पहिला पैसा रोपे, बियाणे, पिल्ले विकणाऱ्याने केला. माल काढण्याची वेळ आली तेव्हा परत खरेदीची हमी देणाऱ्यांचे फोन लागेनात. तेव्हा आर्टिचोकच काय, कोणतेही नवे पीक घेऊन कोणी दारात आला तर त्याला एकच विचारा : माल कोण घेणार, कोणत्या भावाने, कोणाच्या काट्यावर मोजून, आणि हे कागदावर लिहून देतोस का? तो आधी रोपांचे पैसे मागू लागला तर चहा पाजून वाटेला लावा.

खरे सांगायचे तर मला या चर्चेत वेगळीच गंमत वाटते. ज्या आर्टिचोकचे एवढे कौतुक चालले आहे तिची सख्खी चुलत बहीण आपल्या वावरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती आणि आपण तिला घराबाहेर काढली. ती म्हणजे करडई. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने दोघी एकाच कुळातल्या, एकाच काटेरी गोतावळ्यातल्या. कळीभोवतीचे खवले बघितले तरी ओळख पटते. फरक इतकाच, की ती कळी खायला देते आणि ही दाणा. तिला धुके लागते. हिला उत्तरेच्या पावसाची जमिनीत मुरलेली ओल पुरते.

करडईची मुळी दोन मीटर आणि त्याहून खोल जाते. ज्वारीची मुळी जिथे थकते त्याच्याही खालची ओल ही ओढून आणते. म्हणून वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, असा ज्यांचा प्रदेश, त्यांच्यासाठी हे पीक जणू मापाने शिवले आहे. थंडीचे म्हणाल तर पहिला महिनाभर करडई जमिनीला चिकटून पानांचा गोल झुबका करून बसते आणि त्या अवस्थेत शून्याखालचे काही अंशही सोसते. म्हणूनच कझाकस्तान आणि अमेरिकेतल्या मोंटाना यांसारख्या बर्फाळ मुलखांत बर्फ वितळल्याबरोबर करडई पेरता येते आणि तिथले शेतकरी यंत्राने पेरून यंत्राने काढतात. कडक हिवाळ्याच्या देशाला आणि आपल्या दुष्काळी पट्ट्याला सारखेच चालणारे काटेरी पीक हवे असेल तर ते हे.

आपल्या मायबहिणींना करडईची ओळख करून द्यायला नको. विरळणीला उपटलेल्या कोवळ्या रोपांची लसूण घालून केलेली भाजी, घाण्याचे तेल, अक्कलकोटच्या बाजूला बी वाटून काढलेल्या दुधाची खीर, जनावरांना पेंड. कुसुंबी रंग म्हणतात तो याच फुलांचा. ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या वावराला कडेने करडईची चार तासे असायची. गुरे आत शिरत नसत. तारेचे कुंपण परवडत नव्हते त्या काळातले ते कुंपण, आणि वर तेलही द्यायचे.

संशोधनाचीही कमतरता नाही. मांजरीला १९२३ मध्ये आणि सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची सुरुवात झाली. ना. वि. कानिटकरांनी इथल्याच भेगाळलेल्या काळ्या रानात ओल मोजत वर्षे घालवली. ज्या मालदांडीची भाकरी आपण खातो तिचा ३५-१ हा वाण मोहोळचा. करडईचे अखिल भारतीय प्रकल्पाचे केंद्र सोलापुरात आहे. 'भीमा' हा गाजलेला वाण इथून निघाला, पुढे 'फुले कुसुमा' आला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-६' हा बिनकाट्याचा वाण दिला, परभणीने 'पीबीएनएस-४०' दिला. एवढे सगळे हाताशी असताना पीक गेले कुठे?

१९८० च्या दशकात देशात करडई सात लाख हेक्टरांच्या आसपास होती आणि त्यातली सर्वांत मोठी पेर महाराष्ट्राची. आज सगळ्या देशाचा पेरा लाख हेक्टरांच्याही आत आला आहे. कृषी खात्याचे अधिकारी मेळाव्यात सांगतात, शेतकऱ्याने तेलबियांकडे पाठ फिरवली. शेतकऱ्याने पाठ फिरवली की फिरवायला लावली, हे जरा बघू.

१९८६ मध्ये केंद्राने तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान काढले. बाहेरून येणाऱ्या तेलाला आवर घातला, देशात तेलबियांना बरा भाव राहिला. शेतकऱ्याने काय केले? १९८५-८६ मध्ये १०८ लाख टन असलेले तेलबियांचे उत्पादन १९९८-९९ पर्यंत २४७ लाख टनांवर नेले. नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. कोणी भाषण देऊन हे झाले नाही. भाव दिसला, पेरणी झाली. मग १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. सुरुवातीला ६५ टक्के आयात शुल्क होते, ते उतरवत उतरवत १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर आणले. मलेशिया-इंडोनेशियाचे पामतेल बंदरात ओतले जाऊ लागले आणि सोलापूरच्या आडतीत करडईचा भाव बसला. आज देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो आणि मग आत्मनिर्भरतेची अभियाने काढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये दहा हजार कोटींवरच्या रकमेचे तेलबिया अभियान मंजूर झाले. त्याच्या आधी सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० टक्के केले होते. मे २०२५ च्या शेवटी ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले, म्हणजे पुढची पेरणी ठरवण्याच्या आधीच. कापूसवाल्यांना हे नवे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बोंडे फुटण्याच्या तोंडावर कापसाचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले आणि ती माफी वर्षाअखेरपर्यंत लांबवली गेली.

आमचे म्हणणे व्यापार बंद करा असे नाही. ज्याला जिथे स्वस्त मिळेल तिथून त्याने घ्यावे. पण शहरात तेल महागले की शुल्क उतरवायचे आणि शेतकऱ्याचा माल पडला की शुल्क चढवायला सहा महिने घ्यायचे, हा खुला व्यापार नव्हे. शुल्काची पट्टी पेरणीच्या आधी जाहीर करा आणि तो माल विकून होईपर्यंत तिला हात लावू नका, एवढी मागणी तर रास्त आहे ना?

भावाइतकेच दुसरे कारण काट्याचे. करडईची काढणी फेब्रुवारी-मार्चात, पहाटे, दवाने काटे नरम असतात तोवर. ऊन चढले की हात लावता येत नाही. हे काम कोण करत असे? बायका. हाताला फडकी गुंडाळून, पायात पोत्याचे तुकडे बांधून, आणि तरी संध्याकाळी दिव्याजवळ बसून सुईने काटे काढत. त्यांच्या पोरींनी हे काम नाकारले तर त्यांना आळशी म्हणणाऱ्याने आधी एक पहाट करडई उपटून पाहावी. मजूर मिळत नाही अशी तक्रार करताना, मिळत होता तेव्हा आपण त्याला काय देत होतो हेही आठवावे.

आता या काट्यावर दोन उतारे निघाले आहेत. एक बिनकाट्याचे वाण, दुसरा गव्हाचे कंबाईन. गव्हाचे कंबाईन थोडी जुळवणी करून करडईत चांगले चालते, काढणी-मळणी एकदमच होते आणि काट्याशी कोणाचा संबंध येत नाही. माझे मत विचाराल तर कंबाईन येणार असेल तर काटेरी वाणच बरा. नान्नज-मार्डीकडच्या शेतकऱ्यांना काळविटांचा आणि रानडुकरांचा त्रास सांगायला नको. काटे कडक झाल्यावर करडईच्या वाटेला ती सहसा जात नाहीत. बिनकाट्याचा वाण घ्यावा तो ज्याला हाताने काढायचे आहे किंवा पाकळ्या गोळा करून विकायच्या आहेत त्याने. पाकळ्यांचा चहा, औषध वगैरे बाजार आहे, पण त्यात दिवसभराची वेचणी आहे. मजुरी धरून हिशेब करा, नुसता किलोचा भाव ऐकून नको.

अडचण कंबाईनची अशी, की दीड एकराच्या तुकड्यासाठी ते येत नाही. शिवारात लागोपाठ पंचवीस-तीस एकर करडई असेल तर येते. म्हणजे हे एकट्याने करण्याचे काम राहिलेले नाही.

आणखी एक आक्षेप प्रत्येक बैठकीत येतो आणि तो अगदी खरा आहे : करडईला कडबा नाही. ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत तो ज्वारी सोडून करडई करणार कशी? त्याने सोडू नयेच. हिशेब मांडून बघा. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये. एकरी पाच क्विंटल धरले तर १८,७४५ रुपये आणि वर कडबा. करडईचा २०२६-२७ च्या विपणन हंगामासाठी जाहीर झालेला हमीभाव ६,५४० रुपये, त्याआधीच्या वर्षी तो ५,९४० होता. भारी रानात चार क्विंटल धरले तर २६,१६० रुपये, कडबा शून्य. कडब्याचे मोल ज्याने त्याने आपल्या गोठ्याप्रमाणे धरावे. माझ्या अंदाजाने सात-आठ हजारांच्या पुढे कडबा जात असेल तर ज्वारीच बरी. ज्याची जनावरे गेली आहेत किंवा ज्याला दरवर्षी ज्वारीवर ज्वारी घेऊन रान थकल्यासारखे वाटते, त्याने तिसरा हिस्सा करडईला द्यावा. आणि हे दोन्ही हिशेब हमीभाव हातात पडला तर. जिल्ह्यात हमीभावाने करडई घेणारे खरेदी केंद्र काढणीच्या आधी उघडणार नसेल तर कागदावरच्या ६,५४० चा उपयोग आडत्याला ऐकवून त्याचे हसू बघण्यापुरताच.

पेरायची ठरवलीच तर थोडे सांगतो. रान भारी, निदान दीड-दोन फूट खोल हवे. मुरमाड हलक्यात करडई घालून तिला दोष देऊ नये. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला, म्हणजे उत्तरा सरता सरता आणि हस्तात पाभर चालली पाहिजे. फार आगाप केली तर पानांवर ठिपके येतात आणि मर लागते. चित्रा ओलांडली तर मावा खातो. एकरी चार किलो बी, दोन ओळींत दीड फूट, आणि उगवल्यावर दहा-पंधरा दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत वीतभर अंतर. विरळणी चुकवू नका. दाट करडई ओल पिऊन टाकते आणि बोंडे बारीक राहतात. उपटलेल्या रोपांची भाजी होते, बाजारात जुडी विकतेही. मावा आधी बांधाच्या कडेच्या झाडांवर दिसतो. तिथेच पाच टक्के निंबोळी अर्क मारला तर पुष्कळदा सगळ्या रानाची फवारणी वाचते. पाणी असेलच तर महिनाभराने खोड वर निघताना एक हलके पाणी द्या, जमीन भेगाळायच्या आत. भेगा पडल्यावर पाणी सोडले की ते मुळाशी साचते आणि उभे पीक माना टाकते.

हरभऱ्यात करडईच्या ओळी घालण्याची जुनी रीत मोडू नका. घाटेअळीने हरभरा खाल्ला तरी करडई उभी राहते, आणि पावसाने दगा दिला तर खोल मुळीची करडई शेवटी हात देते.

जिल्हा कार्यकारिणीपुढे मी दोन गोष्टी ठेवणार आहे. एक, लागोपाठ तीस एकरांचा गट करायला कोणती गावे तयार आहेत त्यांची नावे हस्ताच्या आधी घेऊन एका कंबाईनवाल्याशी एकरी दर ठरवून टाकणे. दुसरी, खरेदी केंद्र पंधरा फेब्रुवारीच्या आत उघडावे म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे पेरलेल्या क्षेत्राच्या आकड्यांसह निवेदन. त्यासाठी पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावच्या प्रमुखाने सातबारावर करडईची नोंद किती एकरांची झाली ते लिहून आणावे. नोंद नसेल तर केंद्रावर माल घेणार नाहीत, म्हणून ई-पीक पाहणी करताना बांधावरची चार तासेही सोडू नका. आर्टिचोकचे पत्रक ज्यांच्याकडे असेल त्यांनी तेही आणावे. परत खरेदीच्या अटी त्यात कुठे बारीक अक्षरांत छापल्या आहेत का ते आपण मिळून वाचू.